देवीच्या पायाशी येणारं ऊन



९, १० आणि ११ नोव्हेंबर या तारखा कशाच्या, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. तशाच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. या दिवशी संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडपातून पुढं सरकतं, कासव चौक, पितळी उंबरा असं एकेक ठिकाण ओलांडत गाभाऱ्यापर्यंत पोचतं. परंपरेप्रमाणे पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. त्या चार-सहा मिनिटांसाठी माणसं तासन् तास उभी राहतात. आणि एक गोष्ट आपण सगळेच पाहतो, पण तिच्याकडं फारसं लक्ष देत नाही. किरणं यायच्या वेळेला देवळातले विजेचे दिवे बंद करतात. ऊन आलं, आता आपल्या दिव्यांचं काम नाही, असा त्याचा साधा अर्थ.

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं विचारायची, सर, हा उत्सव वर्षातून दोनदाच का? मी फळ्यावर मधोमध २१ डिसेंबर लिहायचो. त्या सुमारास सूर्य सर्वांत जास्त दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर हा त्याच्या ४१ दिवस आधी येतो, १ फेब्रुवारी त्याच्या ४२ दिवस नंतर. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परत येतो, म्हणून एकच जागा त्याला दोनदा लागते. देऊळ बांधणाऱ्यांनी ही वाट नीट ओळखली होती. पुढच्या काळात महाद्वार रस्त्यावर इमारती वाढल्या, पाण्याच्या टाक्या आल्या, फलक आले. काही वर्षी किरणं मुखापर्यंत पोचली नाहीत. मग मोजमापं झाली, अडथळ्यांच्या याद्या झाल्या, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. सूर्याची वाट मोकळी राहावी म्हणून एवढी तळमळ करणारं दुसरं गाव मला तरी ठाऊक नाही.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते उरलेल्या ३५९ दिवसांबद्दल. त्या दिवसांतही ऊन देवळावर पडतच असतं. गाभाऱ्यात येत नसेल, पण अन्नछत्राच्या छपरावर पडतं, भक्तनिवासाच्या गच्चीवर पडतं. त्याचं आपण काय करतो?

यासाठी थोडं लांब, शिर्डीला जाऊया. साईबाबा स्वतः हंडीत अन्न शिजवून फकिरांना, गोरगरिबांना वाढत, असं साईसच्चरितात आलेलं आहे. त्या हंडीचं पुढं केवढं मोठं प्रसादालय झालं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. रोज हजारो माणसांचं जेवण म्हणजे रोज तेवढा भात, तेवढं वरण, तेवढी भाजी आणि ते शिजवायला तेवढा गॅस. २००९ साली साई संस्थाननं या प्रसादालयाच्या छपरावर ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. एकेक तबकडी १६ चौरस मीटरची. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आला, त्यातला काही भाग केंद्र सरकारच्या अनुदानातून मिळाला. दिवसाला सुमारे ३५०० किलो वाफ मिळेल आणि त्या वाफेवर २० हजार माणसांचा स्वयंपाक होईल, अशी ती योजना होती. वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅस वाचेल, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. हॉटेलात वापरतात त्या १९ किलोच्या सिलिंडरांत हा हिशेब केला, तर पाच हजारांहून अधिक सिलिंडर होतात.

ही चूल चालते कशी? भिंगानं कागद जाळायचा खेळ आपण लहानपणी खेळलोय. तत्त्व तेच. भिंगाच्या जागी आरशांचे तुकडे जोडून केलेली परडीसारखी खोलगट तबकडी. तिच्यावर पडलेलं ऊन एका ठिकाणी गोळा होतं. त्या ठिकाणी पाण्यानं भरलेलं लोखंडी पात्र ठेवलेलं असतं. पाणी तापतं, त्याची वाफ हलकी म्हणून आपसूक वर चढते, तिची जागा गार पाणी घेतं. यात पंप लागत नाही. वाफ नळीतून खाली मुदपाकखान्यात येते आणि मोठमोठ्या भांड्यांत भात-वरण शिजतं.

अडचण एकच. सूर्य एका जागी थांबत नाही. तासाला १५ अंश सरकतो. ऊन एकाच बिंदूवर पडत राहायचं, तर तबकडीनंही त्याच गतीनं फिरलं पाहिजे. हा प्रश्न वुल्फगांग शेफलर या संशोधकानं सोडवला. १९८०च्या दशकात त्यांनी अशी तबकडी तयार केली, की जिचा फिरण्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा. मग घड्याळासारखी साधी यंत्रणा तिला दिवसभर फिरवते आणि ऊन मात्र एकाच ठिकाणी पडत राहतं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथं बसवायची झाली, तर आस तेवढाच तिरका ठेवावा लागेल. सकाळी एकदा हातानं तबकड्या सूर्याकडं वळवायच्या, पुढचं काम यंत्रणा करते. ऋतू बदलेल तसा तबकडीचा कलही थोडा बदलावा लागतो. विशेष म्हणजे शेफलर यांनी आपली रचना कुलपात ठेवली नाही. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही ती करता यावी, अशी त्यांची इच्छा होती.

या तबकड्या हिंदुस्थानात रुजल्या त्या मुख्यतः आश्रमांत आणि देवस्थानांत. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या परिसरात १९९०च्या दशकाच्या अखेरीस ८४ तबकड्यांचा वाफेचा स्वयंपाक सुरू झाला. तिरुमलेला २००२ साली १०६ तबकड्या बसल्या. शिर्डी त्यानंतरची. अबू रोडच्या मंडळींनी तर पुढं मोठी उडी मारली. ६० चौरस मीटरची एकेक, अशा ७७० तबकड्या उभारून त्यांनी एक मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र उभं केलं, ते २०१७ साली पूर्ण झालं. दिवसाची उष्णता लोखंडाच्या मोठ्या ठोकळ्यांत साठवून रात्रीही वापरता यावी, अशी सोय त्यात केली.

आता प्रश्न असा, की कारखान्यांनी, हॉटेलांनी हे आधी का केलं नाही? मठांनी आणि देवळांनीच का? मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण वेळेचं. देवस्थानचं मोठं जेवण दुपारचं असतं. नैवेद्य, महाप्रसाद सगळं बारा-साडेबाराला. आणि उन्हाचा भरही नेमका दहा ते दोन. आपल्या घरी रात्रीच्या भाकरी करायच्या, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. देवाच्या घरी मात्र सूर्य आणि चूल यांची वेळ जमते.

दुसरं कारण धीराचं. उन्हाला पैसे पडत नाहीत, पण ते धरायच्या साधनाला पडतात, आणि ते सगळे एकदम, सुरुवातीला. ती रक्कम वसूल व्हायला वर्षं जातात. भाड्याच्या घरात राहणारा माणूस तेवढा थांबू शकत नाही. देवस्थान थांबू शकतं. त्याला कुठं जायचं नसतं.

तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. ते मला एका फजितीतून कळलं.

कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातल्या मठाच्या विश्वस्तांनी मला बोलावलं. मठ लहानसा, त्याचं नाव सांगत नाही. म्हणाले, "सर, वर सोलर बसवून दोन वर्षं झाली, पण बिल काय म्हणावं तसं कमी येत नाही. जरा बघून जावा." मी गच्चीवर गेलो. आठ पॅनेलं होती. त्यांच्यावर काजळीचा थर होता. आजूबाजूला उसाचं रान, पलीकडं गुऱ्हाळ. पाचट पेटवलं की काळी राख उडणार, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर येणार. त्यात पारवे. मी विचारलं, हे धुतं कोण? विश्वस्त एकमेकांकडं बघू लागले. एकजण म्हणाले, "पाऊस धुतोय की वो सर." पण हा प्रकार फेब्रुवारीतला. पाऊस होऊन चार महिने झाले होते.

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. पॅनेलांच्या दक्षिणेला एक चांगला मोठा लोखंडी फलक उभा होता. त्यावर देणगी देणाऱ्या कुटुंबाचं नाव, आजोबांचा फोटो, उद्घाटनाची तारीख. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. त्या फलकाची सावली बरोबर दोन पॅनेलांवर पडत होती. पॅनेलं एकामागं एक, माळेसारखी जोडलेली असतात. माळेतल्या एकावर सावली पडली, तर बाकीच्यांची वीजही अडू शकते. म्हणजे ज्यांनी ऊन दान केलं, त्यांच्याच नावाची सावली त्या उन्हाच्या आड आली होती.

विश्वस्त कानकोंडे झाले. फलक काढा म्हणून देणगीदाराला सांगायचं कसं? माणूस दुखावला, तर पुढच्या वर्षीचा भंडारा अडायचा. आठवडा तसाच गेला. शेवटी मीच त्या गृहस्थांना सकाळी अकराला गच्चीवर घेऊन गेलो. काही बोललो नाही, नुसती सावली दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या आप्पांनी जन्मात कुणाच्या उन्हात उभं राहू नये म्हणून काळजी घेतली, आन् आम्ही त्यांना हितं उभं केलं." दुसऱ्या दिवशी गावातला लोहार घेऊन ते स्वतः आले आणि फलक खालच्या भिंतीवर लावून घेतला.

राहिला प्रश्न धुण्याचा. मठात झाडलोट करणाऱ्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या. गाभाऱ्यातली समई, पंचपात्र, घंटा सगळं त्यांच्याकडं. आमचं बोलणं ऐकत त्या जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "समई मी रोज घासते. ह्यो बी दिवाच हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

मित्रहो, तिसरं कारण हेच. देवळाला नित्यकर्म माहीत असतं. काकड आरती रोज होते. कुणाला कंटाळा आला म्हणून चुकत नाही. समई रोज घासली जाते, निर्माल्य रोज काढलं जातं. सौरऊर्जेला नेमकं हेच लागतं. फीत कापणं एका दिवसाचं काम आहे. आरसे पुसणं, नळीतली गळती बघणं, झाडाची वाढलेली फांदी छाटणं हे २५ वर्षांचं काम आहे. जिथं ऊर्जा विकत आणलेली वस्तू म्हणून येते, तिथं ती गच्चीवर धूळ खात पडते. जिथं ती नित्यकर्मात येते, तिथं टिकते. मावशी गच्चीवर चढायला तयार होत्या, पण त्यांच्या वयाचा विचार करून ते काम दोन तरुण सेवेकऱ्यांकडं दिलं. देखरेख मात्र मावशींचीच. पंधरवड्यातून एकदा, उन्हं चढायच्या आत, मऊ फडक्यानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही आणि बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, एवढं मी शिकवलं. पुढच्या दोन-तीन बिलांत फरक दिसला.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं उन्हाळ्यात ठीक, पण आमच्याकडं आषाढ-श्रावणात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. सूर्याची चूल ही एकटी चूल नव्हे. ढग आले की वाफेसाठी गॅस किंवा दुसरं इंधन लागतंच. शिवाय वाफेवर भात, वरण, भाजी शिजते. फोडणी बसत नाही, पोळी भाजत नाही, लाडवाचं तूप तापत नाही. त्याला जास्त उष्णता लागते. गॅस शून्यावर आणू, असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गॅस किती कमी करू, हे सांगणाऱ्याचं ऐका.

आणि ढगाळ दिवसांसाठीही एक मार्ग अन्नछत्रातच पडलेला असतो. भाज्यांची देठं, खरकटं, उरलेला भात. यातून गॅस होतो. ही कल्पना आपल्याकडं नवी नाही. इथून घाट उतरला की कणकवली. तिथं आप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात शेण आणि मैला यांपासून खत आणि गॅस करण्याचे प्रयोग केले. ज्याला समाज हात लावत नव्हता, त्या मैल्याकडं त्यांनी संपत्ती म्हणून पाहिलं. त्यांच्या दृष्टीनं तो ऊर्जेचा प्रश्न जेवढा होता, त्याहून अधिक माणुसकीचा होता. पुढं पुण्याच्या आरती या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, खरकट्यावर चालणारं घरगुती गॅससंयंत्र तयार केलं. त्याला २००६ साली ॲशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अन्नछत्रात तर खरकट्याला तोटा नाही. म्हणजे उन्हाच्या दिवशी ऊन, ढगाच्या दिवशी थोडा गॅस ताटातून परत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गेल्या पंधरा वर्षांत वीज तयार करणारी पॅनेलं फार स्वस्त झाली. २०२४ साली आलेल्या सूर्यघर योजनेत घरावर तीन किलोवॉट बसवलं, तर ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झालं. एक किलोवॉटमागं आपल्याकडं दिवसाला सरासरी चार युनिटं धरायला हरकत नाही. त्यामुळं आज बहुतेक संस्था आरशांपेक्षा पॅनेलं पसंत करतात. त्यात सोय आहे, चूक नाही. पण पॅनेल पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतं. पाणी तापवायला, भात शिजवायला आपल्याला उष्णताच हवी असते. तिथं ऊन सरळ उष्णता म्हणून वापरलं, तर तेवढ्याच जागेत जास्त काम होतं. दिव्यांना आणि पंख्यांना पॅनेल, आंघोळीच्या पाण्याला सौर बंब, मोठ्या चुलीला वाफ, असं जागा पाहून ठरवावं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कणेरी मठाच्या परिसरात पंचमहाभूतांवर लोकोत्सव भरला होता. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. या पाचांची नावं आपल्याला पाठ असतात. त्यातलं तेज म्हणजे नुसता हात जोडायचा विषय नाही. रथसप्तमीला आपण अंगणात गोवऱ्या पेटवतो, बोळक्यात दूध ठेवतो आणि सूर्याच्या साक्षीनं ते ऊतू जाऊ देतो. म्हणजे सूर्य आणि चूल यांचं नातं आपल्या आज्यांनी कधीच जोडून ठेवलंय.

म्हणून जाता जाता तीनच कामं सुचवतो. तुमच्या गल्लीतलं देऊळ असो, तालमीची इमारत असो, मठ असो किंवा अन्नछत्र असो. पहिलं, थंडीतल्या एखाद्या दिवशी दहा, बारा आणि दोन वाजता गच्चीवर जाऊन सावली कुठं पडते ते खडूनं आखून ठेवा. शेजाऱ्याला मजला चढवायचा असेल, तर त्याच्याशी आधीच बोला. देवीच्या किरणांची वाट मोकळी व्हावी म्हणून आपण जे करतो, ते शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या उन्हासाठीही करावं. दुसरं, मुदपाकखान्यात महिन्याला किती सिलिंडर लागतात आणि त्यातले भात-वरणावर किती जातात, ते आचाऱ्याला विचारून वहीत लिहा. बाहेरच्या तज्ज्ञाआधी त्यालाच विचारा, त्याला खरं माहीत असतं. आणि तिसरं, पुसणार कोण, त्याचं नाव ठरवा. हे नाव ठरल्याशिवाय देणगीची पावती फाडू नका.

त्या मठात मी परवाच जाऊन आलो. मावशींनी गच्चीच्या जिन्याशी एक बादली ठेवली आहे. तिच्यावर तेलरंगानं लिहिलंय, 'वरच्या दिव्याची'. ती बादली दुसऱ्या कामाला कुणी घेतली, तर मावशी रागावतात.